इल्काच्या दारात

इल्का डोरेनबाख मला अजूनही डोळ्यांसमोर नको असते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मी कुणाच्या बाजूची आहे याचा घोळ नको.

मी गुद्रुन. जर्मनीतल्या वुपरटालमध्ये रोसविथा क्लाप्रोथच्या स्टुडिओत मी एकोणीस वर्षं फोन घेतला. फितींचा जुना कारखाना होता, त्याच्या मागच्या अंगणातला दुसरा मजला. रोसविथा डोमिना होती. पुरुष वेळ ठरवून यायचे, दार लागलं की गुडघ्यांवर बसायचे, ती सांगेल ते ऐकायचे, फटके खायचे आणि तासाभराने टाय सरळ करून कचेरीत परत जायचे. आमच्याकडे सगळ्यात गर्दी दुपारी, जेवणाच्या सुट्टीत. शेज वगैरे आमच्याकडे मिळत नसे. मिळायचा तो हुकूम. बाकी दिवसभर मी टॉवेल धुवायचे, चामड्याला तेल लावायचे आणि फोनवर लाजऱ्या माणसांना धीर द्यायचे.

या धंद्यात येण्याआधी रोसविथा अकरा वर्षं नर्स होती. नवा पाहुणा आला की पहिली पंधरा मिनिटं ती त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसे आणि दवाखान्यासारखी चौकशी करी. रक्तदाब किती, साखर आहे का, गुडघे कसे आहेत, कोणत्या गोळ्या चालू आहेत, भीती कशाची वाटते. सगळं कार्डावर लिहायचं, कार्ड लोखंडी कपाटात, किल्ली तिच्या गळ्यात. दर सहा महिन्यांनी तेच प्रश्न पुन्हा. त्या कपाटातलं अक्षरही बाहेर गेलं नाही. बायकांचे फोन आले, एकदा घटस्फोटाचा वकील दारात येऊन उभा राहिला. रोसविथाचं उत्तर एकच, "असं कुणी इथे येत नाही."

इल्का आमच्याकडे आली तेव्हा पंचविशीची होती, चपलांच्या दुकानात विक्रीला उभी राहायची. रोसविथाने तिला सहा वर्षं शिकवलं. मनगट न दुखवता चाबूक कसा धरायचा, पाठीवर कुठे चुकूनही मारायचं नाही, माणूस "पुरे" म्हणतो तेव्हा ते खेळातलं असतं की खरं, हे आवाजावरून कसं ओळखायचं. तिचा पहिला चामड्याचा स्कर्ट कमरेत मी बेतून दिला. आणि एका सोमवारी सकाळी फोनवर दोन ओळींचा निरोप आला की ती जातेय आणि आमच्याकडचीच कार्ला व आणखी एकजण तिच्याबरोबर जातायत. महिन्याभरात टेकडीवर, एका दंतवैद्याच्या रिकाम्या झालेल्या जागेत, तिचा स्टुडिओ उघडला. तिच्या जाहिरातीत आमचीच वाक्यं होती, स्वल्पविरामासकट. आमच्या पाहुण्यांना तिचे फोन जायला लागले. नंबर तिने कधी उतरवून घेतले, देव जाणे.

मग जे सुरू झालं त्याला मी भांडण म्हणत नाही. भांडणात माणसं समोरासमोर असतात. आमच्याकडे बाहेर पडायला दुसरी वाट नाही अशी निनावी तक्रार महापालिकेत गेली. टेप घेऊन तीन माणसं आली आणि स्टुडिओ अकरा दिवस बंद राहिला. आमचं चामड्याचं काम करणाऱ्या कारागिराला रोसविथाने सांगितलं, "तिचं काम घेतलंस तर माझ्या जिन्यावर पाय ठेवू नकोस." आणि जिथे पाहुणे आपले अनुभव लिहितात त्या इंटरनेटच्या पानावर एक दिवस मजकूर आला की इल्काकडे सामान धुतच नाहीत, एका पाहुण्याची जखम पिकली, तो आठवडाभर तापाने फणफणला होता.

ते खोटं होतं. इल्का काहीही असेल, पण अस्वच्छ नव्हती. धुणं-पुसणं तिला रोसविथाने शिकवलं होतं. तो मजकूर मी लिहिला होता, माझ्या स्वयंपाकघरात बसून, ब्रेडला लोणी लावता लावता. रोसविथाला मी सांगितलं नाही.

आता ओस्टरकाम्पसाहेबांविषयी. हे त्यांचं खरं नाव नव्हे. तेवढं तरी मी अजून पाळते. सरकारी खात्यात मोठ्या हुद्द्यावर, साठी ओलांडलेले, चौदा वर्षं दर महिन्याला येणारे. येताना रोसविथासाठी नाही, माझ्यासाठी चॉकलेट आणायचे. त्यांना सगळ्यात आवडायची ती विजेची पेटी. छोटंसं यंत्र असतं, कातडीवर दोन पट्ट्या चिकटवायच्या आणि चाकी फिरवली की मुंग्या येण्यापासून चटका बसण्यापर्यंत काय हवं ते. जाणत्या हातात त्यात धोका नसतो.

त्या वसंतात त्यांच्या छातीत पेसमेकर बसवला. रोसविथाने नेहमीचे प्रश्न विचारले म्हणून त्यांनी सांगितलं. तिने तिथल्या तिथे कार्डावर पेटीच्या नावावर लाल रेघ मारली.

"थोडंसं, बाईसाहेब," ते म्हणाले. "फक्त कमरेखाली."

"अजिबात नाही. तुमच्या छातीतलं यंत्र हृदयाचं बोलणं ऐकत बसलेलं असतं. बाहेरून वीज आली की त्याला वाटतं हृदयच बोलतंय, आणि ते गप्प बसतं. मग तुम्हीही गप्प. कळलं?"

ते अजून दोनदा आले. तोंड पाडून बसले, तासही पुरा केला नाही. मग येईनासे झाले.

ऑक्टोबरच्या एका मंगळवारी सकाळी फोन वाजला. पलीकडे इल्का. दोन वर्षांत तिने आमच्याकडे पहिल्यांदाच फोन केला होता. पूर्वी मला 'गुद्रुनमावशी' म्हणायची. आता म्हणाली, "नमस्कार. तुम्ही अजून तिथेच का?"

"अजून म्हणजे? तुझी परवानगी घ्यायला हवी होती का?"

"रागावू नका. मी चांगली बातमी द्यायला फोन केलाय. तुमचे ओस्टरकाम्प गुरुवारी बारा वाजता माझ्याकडे येतायत. बिचारे सांगत होते, क्लाप्रोथबाईंचे हात थरथरतात म्हणे हल्ली, विजेच्या पेटीची चाकी हाताळायला घाबरतात. म्हटलं, या, माझे हात घट्ट आहेत. तुमच्या मालकिणीला सांगा, मोतीबिंदूची पण तपासणी करून घ्या."

मला आधी राग आला तो हात थरथरण्याच्या खोटेपणाचा. मग कळलं, त्यांनी तिला छातीतल्या यंत्राबद्दल काहीच सांगितलेलं नाही. तेव्हाच, त्याच फोनवर, मला एक वाक्य बोलता आलं असतं. मी म्हणाले, "अभिनंदन," आणि फोन ठेवला.

खरं सांगायचं तर मला हलकं वाटलं. दिवसभर चामड्याला तेल लावताना मी मनात तेच चित्र रंगवत होते. गुरुवार, बारा वाजलेले, टेकडीवर रुग्णवाहिका, मागोमाग पोलीस, इल्काच्या दाराला सील. त्या चित्रात ओस्टरकाम्पसाहेबांचा चेहरा कुठेच नव्हता. तो मी घेतलाच नव्हता.

बुधवारी सकाळी कॉफी आणि सँडविच घेताना मी रोसविथाला सांगितलं. वाटलं होतं, हात थरथरण्याच्या गोष्टीवर ती शिव्या देईल. तिने कप खाली ठेवला. "पेटी लावून घ्यायला चाललेत?"

"हो."

"आणि तिला माहीत नाही?"

"आपल्याला काय त्याचं? त्यांनी स्वतः लपवलंय. मोठा माणूस आहे. आणि आपण सांगायचं म्हणजे कार्डातलं बाहेर काढायचं. तुझाच नियम."

"माझा नियम मला शिकवू नकोस."

"मग काय करणार? तिला वाचवणार? तीन माणसं टेप घेऊन आली होती ती विसरलीस? होऊ दे काय व्हायचं ते. तिचं दुकान तरी बंद होईल."

रोसविथा माझ्याकडे बघत राहिली. एकोणीस वर्षांत तिने माझ्याकडे असं कधी पाहिलं नव्हतं. "गुद्रुन," ती म्हणाली, "तू आत्ता एका माणसाला मारलंस, आणि तुझ्या हातात सँडविच आहे."

तिने आधी ओस्टरकाम्पसाहेबांनाच फोन लावला. ते कचेरीत होते. तिचा आवाज ओळखताच "चुकीचा नंबर" म्हणाले. तिने परत लावला. फोन बंद. मग तिने इल्काला लावला आणि मलाही ऐकू यावं म्हणून आवाज मोठा केला.

"इल्का, मी रोसविथा. ऐक, एकच गोष्ट. उद्याच्या पाहुण्याला पेटी लावू नकोस. त्यांच्या छातीत पेसमेकर आहे."

पलीकडून हसणं. "वा! मागच्या महिन्यात माझ्याकडे जखमा पिकत होत्या, आता माणसं मरणार. पुढच्या महिन्यात काय, उंदीर सोडणार का?"

"ते कुणी लिहिलं मला माहीत नाही. हे मी बोलतेय."

"तुम्ही बोलताय म्हणूनच तर. म्हातारा हातचा गेला, तो परत हवा. त्यांच्या कागदावर सही आहे, हृदयाचा त्रास नाही म्हणून. आणि समजा खरं असलं, तरी पाहुण्याचा आजार फोनवरून वाटत सुटलात? मला काय शिकवायचात, आठवतं? लाज वाटत नाही?"

फोन तुटला. रोसविथा लोखंडी कपाटासमोर जाऊन उभी राहिली, उगाचच. मी खिडकीबाहेर बघत होते. मी तो मजकूर लिहिला नसता तर इल्काने निदान विचार केला असता. हे कळत होतं, पण रोसविथाला सांगितलं नाही.

गुरुवारी अकराला रोसविथाने कोट चढवला. मी काही न विचारता माझाही घेतला. नदीच्या वरून, उंच रुळाला लोंबकळत जाणाऱ्या आमच्या गावच्या रेल्वेत आम्ही समोरासमोर बसलो. दोन स्टेशनं गेल्यावर मी म्हणाले, "ते जखमेचं मी लिहिलं होतं."

"माहीत आहे," ती म्हणाली. "'फणफणला' हा तुझाच शब्द. मी वाचलं तेव्हाच ओळखलं."

"मग काढायला का नाही सांगितलंस?"

"कारण वाचून मला बरं वाटलं."



गाडी मध्येच अडकली आणि आम्हाला उशीर झाला. टेकडी चढून दारात पोचलो तेव्हा बारा वाजून दहा मिनिटं झाली होती. दार कार्लाने उघडलं, आमच्याकडून गेलेली कार्ला. आम्हाला बघताच दार लोटायला लागली. रोसविथाने बूट मध्ये घातला.

"आत काम चालू आहे. मी पोलिसांना बोलवेन हं."

"बोलव. रुग्णवाहिकापण बोलव, दोन फोन वाचतील. इल्काला बाहेर काढ."

गलका ऐकून इल्का स्वतःच आली. उंच टाचांचे बूट, केस घट्ट मागे ओढलेले. रोसविथानेच तिला ते तसे बांधायला शिकवले होते. दबक्या पण कापणाऱ्या आवाजात म्हणाली, "माझ्या दारात तमाशा? तुमची अक्कल ठिकाणावर आहे का?"

"पेटी लावलीस?"

"पट्ट्या लावल्या आहेत. चाकी आता फिरवणार होते. तुम्हाला विचारून फिरवायची का?"

"अंगावर बनियन ठेवलंय ना त्यांनी?"

इल्काने मागे वळून आतल्या दाराकडे पाहिलं.

"थंडी वाजते म्हणाले असतील. आत जा. डाव्या खांद्याजवळ, गळ्याच्या हाडाखाली हात ठेव. कातडीखाली काडेपेटीएवढं टणक काही लागलं नाही, तर बाहेर ये आणि माझ्या थोबाडीत मार. सगळ्यांदेखत."

इल्काने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. आयुष्यात पहिल्यांदाच मला वाटलं की तिने माझ्यावर विश्वास ठेवावा, आणि तो ठेवायला मीच कारण ठेवलं नव्हतं. ती वळून आत गेली. कार्ला दाराची कडी धरून उभी राहिली. आतून आधी काहीच ऐकू आलं नाही. मग इल्काचा आवाज आला, हुकमाचा नव्हे, साधा, घाबरलेल्या बाईचा. "हे काय आहे? साहेब, हे काय आहे?"

ती बाहेर आली तेव्हा ओठ पांढरे पडले होते. तिच्यामागून ओस्टरकाम्पसाहेब आले, शर्टाची बटणं चुकीची लावलेली. त्यांनी इल्काकडे पाहिलंच नाही. सरळ रोसविथासमोर आले.

"चौदा वर्षं," ते म्हणाले. "माझ्या बायकोला जे माहीत नाही ते मी तुम्हाला सांगितलं. आणि तुम्ही ते इथे, दारात उभं राहून, या... या सगळ्यांना?"

"तुम्ही मेला असतात."

"तो माझा प्रश्न होता!"

"नाही," रोसविथा म्हणाली. "चाकीवर हात तिचा होता."

त्यांनी कोट उचलला आणि जिना उतरून गेले. परत ते दोघींकडेही आले नाहीत. रोसविथा आणि इल्का एकमेकींसमोर उभ्या होत्या. मला वाटलं, आता इल्का काहीतरी बोलेल. धन्यवाद नको, पण काहीतरी. तिच्या चेहऱ्यावर हळूहळू रंग परत आला आणि त्याच्यामागोमाग जुना ताठा.

"झालं ना? आता निघा," ती म्हणाली. "आणि हे इथे थांबणार नाही, लक्षात ठेवा."

नाहीच थांबलं. आमच्या भागातल्या स्टुडिओच्या मालकिणी दर तीन महिन्यांनी ड्युसेलडॉर्फच्या एका खानावळीत जमायच्या. धोकादायक पाहुण्याबद्दल एकमेकींना सावध करायचं, आपल्याकडे जमत नसेल ते काम विश्वासाच्या बाईकडे पाठवायचं, असा तो कारभार. निम्मी गिऱ्हाइकं आम्हाला तिथूनच येत. जानेवारीच्या बैठकीत पंधरा-सोळाजणी होत्या. सॉसेज आणि पालेभाजी समोर आली आणि इल्का उठली. क्लाप्रोथबाईंनी एका पाहुण्याचा आजार तिसऱ्या माणसांसमोर उघड केला, माझ्या दारात येऊन, मी साक्षीदार, कार्ला साक्षीदार. कोणता आजार, का, पट्ट्या कुणी लावल्या होत्या, यातलं अवाक्षर नाही.

अध्यक्षबाई म्हणाल्या, "रोसविथा, हे खरं आहे?"

"खरं आहे."

"काही कारण?"

मी खुर्ची मागे सारून उभी राहतच होते. रोसविथाने टेबलाखाली माझं मनगट धरलं. मनगट न दुखवता धरायचं तिला सवयीने माहीत होतं. या वेळी दुखवून धरलं.

"कारण सांगायचं तर त्या माणसाबद्दल आणखी बोलावं लागेल," ती म्हणाली. "ते मी बोलणार नाही."

मतं घेतली. तीन हात आमच्या बाजूने. रोसविथाचं नाव यादीतून काढलं. इल्का शेवटपर्यंत ताटात बघत होती, पण नाव काढायच्या मताला तिचा हात वर होता.

बाहेर पार्किंगमध्ये मी फुटलेच. "अगं एक वाक्य! एका वाक्यात तिचं तोंड काळं झालं असतं!"

"एकदा बोलले ते त्यांच्या जिवासाठी," रोसविथा म्हणाली. "आज बोलले असते तर माझ्यासाठी. कार्ड त्यासाठी नसतं."

"आणि तिने केलं ते?"

"तिचं ती बघेल. गाडीत बस, थंडी आहे."

ईस्टरनंतर फोन दिवसदिवस वाजेना. जूनमध्ये रोसविथाने जागा सोडायचं ठरवलं. कार्डं तिने स्वतः, एकेक करून, यंत्रातून बारीक कातरली. मला हात लावू दिला नाही. सामान विकायची जाहिरात दिली, आणि पहिला माणूस आला तो इल्काने पाठवलेला टेम्पोवाला. त्याच्यामागून ती स्वतः. लाल खुर्ची, बाक, आरसे, सगळं हवं म्हणाली. मला वाटलं रोसविथा जिन्यावरून ढकलून देईल. तिने फक्त सामानाची यादी पुढे केली.

माणसं खुर्ची उतरवत होती तेव्हा इल्का खिडकीशी उभी राहिली. पाठमोरीच म्हणाली, "मी आता प्रत्येकाला बनियन काढायला लावते. आणि डॉक्टरचा कागद मागते."

"चांगलं."

"तू का आलीस त्या दिवशी?" तीन वर्षांनी 'तू'. "मी असते तर आले नसते. खरं सांगते. घरी बसून वाट बघितली असती."

वाट बघणारी बाई तिच्यापासून चार पावलांवर बादली धरून उभी होती.

"माहीत आहे मला," रोसविथा म्हणाली. "म्हणून तर तुझ्याकडे स्टुडिओ आहे."

इल्काने झटक्यात मागे वळून पाहिलं. चेहरा थोबाडीत बसल्यासारखा. यादीवर सही केली, हात पुढे केला नाही, रोसविथानेही केला नाही. दाराशी थांबून मला म्हणाली, "माझ्याकडे फोन घ्यायला माणूस हवाय."

"कार्ला आहे ना," मी म्हणाले. "दार बरं लावते."

ती गेली. रोसविथा आता एका वृद्धाश्रमात पुन्हा नर्स आहे. तिथे म्हाताऱ्यांना गोळ्या वेळेवर घ्यायला लावते आणि सगळे तिला घाबरतात, असं ती सांगते तेव्हा थोडी हसते. मी घरी कपडे दुरुस्त करून देते. तो मजकूर मी त्या पानावरून काढून टाकायला गेले तेव्हा कळलं, इतक्या जणांनी तो उतरवून पुढे पाठवला होता की माझं काढणं कुणाच्या लक्षातही आलं नाही. तो मी लिहिला होता हे इल्काला मी अजून सांगितलेलं नाही. तिने माफी मागितली असती तर सांगितलंही असतं, असं मी स्वतःला म्हणते.